'कॅश', 'कॅशे' की आणखी काही? ऑफलाइन छायाचित्रांसाठी शब्द हवा

प्रश्न : नागपुरात आम्ही संत्रा बागायतदारांसाठी एका मोबाइल ॲपचा मराठी मजकूर तयार करत आहोत. त्यात डिंक्या, कोळशी अशा रोगांची छायाचित्रे आहेत, आणि काटोल-नरखेडकडच्या बागांत रेंज मिळेलच अशी खात्री नसल्यामुळे ती फोनमध्ये आधीच घेऊन ठेवावी लागतात. 'कॅश साफ करा' हे बटण पाहून एका बागायतदाराने, खात्यातले पैसे तर जाणार नाहीत ना, असे विचारले. येथे कोणता शब्द वापरावा?

उत्तर : त्यांची शंका रास्त आहे. इंग्रजीत रोकड या अर्थाचा 'cash' आणि पुन्हा चटकन मिळावे म्हणून फोनने किंवा संगणकाने हाताशी ठेवलेला साठा या अर्थाचा 'cache' हे दोन शब्द निराळ्या अक्षरांनी लिहिले जातात, पण उच्चार एकच असल्यामुळे देवनागरीत दोन्ही 'कॅश' होतात, आणि मराठी वाचकाला त्यातला रोकडीचाच अर्थ आधी सुचतो. 'कॅशे' हे रूप इंग्रजी उच्चाराला धरून नाही. तरीही घोटाळा टळतो म्हणून तांत्रिक लेखनात मला ते चालते. शिवाय मूळ फ्रेंच क्रियापद 'काशे', म्हणजे लपवणे, याच्या ते जवळ जाते.

उत्तर अमेरिकेत सापळे लावून शिकार करणारे लोक परतीच्या वाटेवर लागणारी सामग्री जमिनीत पुरून ठेवत, त्या साठ्याला 'cache' हे नाव होते. संगणकात ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस आयबीएमच्या सिस्टिम ३६० मॉडेल ८५ या संगणकाबरोबर रूढ झाले. पुरून ठेवलेला साठा म्हटले की आपल्याला धान्याचे 'पेव' आठवते आणि तो शब्द घ्यावासाही वाटतो. पण पेव दीर्घकाळच्या बेगमीसाठी असते, तर संगणकातला हा साठा हाताशी असावा आणि गरज सरली की मोडावा, अशा बेताने केलेला असतो.

खरी अडचण 'साठा', 'संचय', 'जतन' या शब्दांतही हीच आहे, कारण त्यांतून टिकण्याची हमी ध्वनित होते. अँड्रॉइडमध्ये कॅशेच्या फोल्डरमधील फाइली जागा कमी पडताच यंत्रणा न विचारता काढू शकते, आणि आयफोनमध्येही तसेच आहे. छायाचित्रे दाखवण्यासाठी अनेक ॲपमध्ये वापरले जाणारे 'ग्लाइड' हे तयार सॉफ्टवेअर मूळ मांडणीत फोनच्या साठवणीत २५० एमबी इतकीच जागा धरते आणि ती भरली की बराच काळ न वापरलेली छायाचित्रे वगळते. वेबवर सर्व्हिस वर्करच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये पडद्याआड चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या, साहाय्याने कोणती छायाचित्रे ठेवायची हे ॲप स्वतः ठरवते, त्यामुळे तो साठा अधिक भरवशाचा वाटतो. परंतु कायम साठवणीची परवानगी मिळालेली नसेल तर जागेच्या तुटवड्यात ब्राउझर तोही काढू शकतो.

म्हणून एका शब्दात दोन गोष्टी कोंबू नयेत, असे माझे ठाम मत आहे. यंत्रणा आपणहून करते ती 'तात्पुरती साठवण', आणि बागायतदार बागेत जाण्यापूर्वी बटण दाबून करतो ते 'ऑफलाइनसाठी उतरवून ठेवणे'. या दुसऱ्या प्रकारची छायाचित्रे कॅशेच्या फोल्डरमध्ये ठेवूच नयेत, नाहीतर शब्द कितीही नेमका असला तरी झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाला रिकामा चौकोन दिसेल. 'शिदोरी' हा शब्द मला फार आवडतो, कारण वाटेसाठी बांधून घेण्याचा भाव त्यात नेमका आहे. बटणावर मात्र तो अनोळखी वाटेल.

प्रश्न : 'तात्पुरती छायाचित्रे काढून टाका' असे बटणावर लिहिले, तर छायाचित्रेच तात्पुरती असल्यासारखे वाटत नाही का?

उत्तर : वाटते, आणि आपला आक्षेप मला मान्य आहे. तात्पुरते आहे ते ठेवणे, म्हणून 'तात्पुरती ठेवलेली छायाचित्रे काढून टाका' असे लिहावे. वाक्य लांबले तरी चालेल. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ द्यावी : 'आपण उतरवून ठेवलेली छायाचित्रे तशीच राहतील.'