मदत हवी आहे: केमन जीटीएस ४.०, लोटस एमिरा की अल्पीन ए११०? हाताला जे कळते त्याची तुलना कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मी नोकरीनिमित्त जर्मनीत, श्टुटगार्टच्या परिसरात राहतो. बरीच वर्षे पैसे बाजूला टाकल्यानंतर आता एक वापरलेली, दोन आसनांची आणि इंजिन मध्यभागी असलेली स्पोर्ट्स कार घ्यायचे नक्की केले आहे. निवड तीन गाड्यांवर येऊन थांबली आहे: पोर्शे ७१८ केमन जीटीएस ४.०, सहा सिलिंडरची लोटस एमिरा आणि अल्पीन ए११०. तिन्ही गाड्या थोड्याथोड्या चालवून पाहिल्या आहेत आणि कागदावरचे आकडे तर तोंडपाठ झाले आहेत. घोडे अडले आहे ते एकाच ठिकाणी. चालवताना हाताला, पायाला आणि पाठीला गाडी जे कळवते, त्यात या तिघींत नेमका फरक काय, आणि पहिल्या अर्ध्या तासात जाणवलेला फरक वर्षभरानंतरही तसाच राहतो का? ज्यांनी यांपैकी एखादी गाडी स्वतः बाळगली आहे, त्यांचे मत मला हवे आहे.

माझा वापर आधी सांगतो, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल. गाडी मुख्यतः सुट्टीच्या दिवशी श्वार्त्सवाल्डमधल्या (ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ जंगलातल्या) रस्त्यांवर, विशेषतः बाडेन-बाडेनहून फ्रॉयडेनश्टाटकडे जाणाऱ्या बी ५०० वर आणि त्याला फुटणाऱ्या अरुंद फाट्यांवर चालेल. गावाबाहेर कमाल वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर, आणि अनेक ठिकाणी त्याहूनही कमी. म्हणून गाडी शेवटच्या टोकाला किती पकड धरते, यापेक्षा ताशी ७० ते ९० च्या वेगात ती माझ्याशी किती बोलते, याला माझ्या लेखी जास्त किंमत आहे.

स्टिअरिंगपासून सुरुवात करतो, कारण माझा सगळा गोंधळ तिथेच आहे. वळणात पुढचे टायर जरासे पिळले जातात आणि पुन्हा सरळ होऊ पाहतात. तो जोर स्टिअरिंगवाटे आपल्या हातापर्यंत पोहोचतो. पकड सुटायच्या बेतात आली की हा जोर पकड संपण्याच्या थोडा आधीच ओसरू लागतो, स्टिअरिंग हलके पडते आणि चालकाला वेळेत इशारा मिळतो. विजेच्या मोटरचे साहाय्य आले की मोटरचे स्वतःचे घर्षण, तिचे जडत्व आणि वर संगणकाने केलेली गाळणी यांतून हा निरोप जावा लागतो. पोर्शेने २०११ च्या ९११ पासून आणि पुढच्याच वर्षी आलेल्या बॉक्स्टर-केमनच्या पिढीपासून हा मार्ग धरला. एमिराने मात्र द्रवदाबाचे साहाय्य कायम ठेवले आहे.

हा फरक मला एका जागी अगदी स्पष्ट जाणवला. डाव्या वळणात जुन्या आणि नव्या डांबराचा तिरका सांधा आहे. एमिराचे उजवे चाक त्यावरून गेले तेव्हा स्टिअरिंगने अंगठ्याशी एक छोटासा झटका दिला आणि लगेच पूर्वीचे वजन धरले. त्याच सांध्यावर केमनमध्ये मला टायरचा आवाज ऐकू आला, गाडीचे अंग नीट सावरले गेले, पण हातात जवळजवळ काहीच आले नाही. केमनचे स्टिअरिंग अचूकतेत कुठेही कमी नाही, हे आवर्जून नोंदवतो. नाक नेमके जिथे न्यायचे तिथेच जाते. मला खटकते ती शांतता.

असे असूनही केमन यादीतून काढवत नाही, आणि त्याचे कारण तिचे इंजिन आहे. चार लिटरचे, टर्बो नसलेले, सहा सिलिंडर दोन्ही बाजूंना सपाट झोपवलेले. ४०० अश्वशक्ती आणि ७,८०० आरपीएमपर्यंत फिरण्याची तयारी. पाय जितका दाबावा तितकेच आणि त्याच क्षणी मिळते, त्यामुळे वळणाच्या मध्यावर मागच्या चाकांवरचा भार पायाच्या बोटांनी कमी-जास्त करता येतो. इंजिन असे सपाट असल्याने वजन खाली बसते आणि गाडी एका वळणातून उलट्या वळणात जाताना डोलत नाही. गिअरचा दांडाही तिघींत सर्वांत सुबक. अडचण आहे ती लांब गिअरांची. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण फेरे घेतले तर वेगमर्यादा केव्हाच मागे पडते, म्हणजे इंजिनाचा सर्वांत गोड भाग सार्वजनिक रस्त्यावर क्वचितच भेटतो. मालकांना याची कालांतराने सवय होते की खंत वाढत जाते?

एमिराचे साडेतीन लिटरचे सुपरचार्जर लावलेले व्ही-६ हे मुळात टोयोटाचे. त्याला तत्काळ जोर आहे, पण वरच्या फेऱ्यांत केमनसारखी ओढ लागत नाही. गाडीच्या रुंदीच्या दिशेने बसवलेले ते उंच इंजिन मागे आहे याची जाणीव खडबडीत वळणात होते. पुढे-मागे दोन्हीकडे डबल विशबोन (प्रत्येक चाक वर-खाली दोन भुजांनी धरणारे सस्पेन्शन) असल्यामुळे चाक रस्ता सोडत नाही, ही मोठी जमेची बाजू. गिअर मात्र थंड असताना अडखळत पडत होते.

अल्पीनने माझे गृहीतकच हलवले. तिचे स्टिअरिंग विजेवरचे आहे, हाताला हलके लागते, आणि तरीही ती तिघींत सर्वांत बोलकी वाटली. वजन सुमारे १,१०० किलो, पुढचे टायर अवघे २०५ मिलिमीटर रुंदीचे आणि मागचे २३५ चे. एमिराचे हेच आकडे २४५ आणि २९५ आहेत. स्प्रिंग मऊ असल्याने वळणात गाडी कलते, आणि कलण्याचा वेग व खोली पाहून पुढच्या टायरवर किती भार आला ते कमरेला कळते. अरुंद टायर आणि कमी वजन यांमुळे हे सगळे कमी वेगातच सुरू होते. शक्ती २५२ अश्वशक्ती, आणि ती मला कमी वाटली नाही. फक्त हाताने गिअर टाकायची सोय तिच्यात मुळीच नाही. सात गिअरांचा, क्लचचे पेडल नसलेला दुहेरी क्लचचा गिअरबॉक्सच घ्यावा लागतो. माझ्यासाठी डाव्या पायाचे काम हा चालवण्याच्या आनंदाचा मोठा वाटा आहे, म्हणून इथे मन मागे सरते.

काही मित्र बीएमडब्ल्यू एम २ सुचवत आहेत. गाडी उत्तम आहे, परंतु सुमारे १,७०० किलो वजनाची गाडी मला या कामासाठी नको आहे, तेव्हा कृपया चर्चा या तिघींपुरतीच ठेवावी.

एमिरा बाळगणाऱ्यांनी सांगावे की टूर आणि स्पोर्ट या दोन सस्पेन्शनपैकी खराब रस्त्यावर कोणते बरे, आणि स्टिअरिंगचे ते छोटे झटके लांबच्या प्रवासात थकवतात का. केमनवाल्यांना विचारायचे आहे की पुढच्या चाकांचा कॅम्बर (चाकांचा वरून आत झुकणारा कल) वाढवून घेतल्यावर स्टिअरिंगमध्ये काही जीव येतो का, की फक्त पकड वाढते. अल्पीनच्या बाबतीत, अधिक कडक स्प्रिंगची ए११० एस घेतली तर मला आवडलेले ते कलणे हरवेल अशी भीती वाटते. दोन्ही चालवलेले कोणी असल्यास जरूर लिहावे. न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे या शर्यतीच्या ट्रॅकवर सार्वजनिक दिवशी अधूनमधून जायचा विचार आहे. तिथल्या २०.८ किलोमीटरच्या फेरीत वेग वाढल्यावर हा क्रम उलटतो का, म्हणजे केमनची शांतता तिथे दोष न राहता आधार वाटू लागते का, हेही जाणून घ्यायचे आहे.

उत्तर देताना गाडीवर कोणते टायर आहेत आणि थंड असताना त्यांत किती दाब ठेवता, हे कृपया नमूद करावे. मी चालवलेल्या तिन्ही गाड्यांचे टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि कमी-अधिक झिजलेले होते, त्यामुळे वर लिहिलेल्यातले किती गाडीचे आणि किती टायरचे, हे त्याशिवाय वेगळे काढता येणार नाही.