अनुभव धागा : ‘कॅसिनो रोयाल’ दाखवताना काय सांभाळाल?

२००२च्या बाँडपटात चक्क अदृश्य होणारी गाडी होती. चारच वर्षांत, २००६ला, दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेलने डॅनियल क्रेगला घेऊन डाव पहिल्यापासून मांडला. या बाँडला डबल-ओ दर्जा (हेराला मारण्याचा परवाना) नुकता मिळालाय, तो चुकतो आणि त्याचं रक्त सांडतं. पुण्यात सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा फिल्म क्लबात हा चित्रपट दाखवणाऱ्यांनी आपापले बारकावे लिहावेत.

प्रोजेक्शन, कोथरूड

चित्र २.३९:१ (रुंदी:उंची) आहे. १६:९चा पडदा १२ फूट रुंद असेल, तर चित्र उंचीला जेमतेम ५ फूट भरतं आणि वर-खाली दहा-दहा इंच काळी पट्टी राहते. ती झूम करून भरू नका, कडेची माणसं कापली जातात. सुरुवात कृष्णधवल आहे, त्यामुळे प्रोजेक्टरचा ऑटो-ब्राइटनेस बंद ठेवा; नाहीतर काळा रंग सारखा राखाडी होतो. लांबी १४४ मिनिटं. मध्यंतर तासाभराने, रेल्वेतल्या जेवणाच्या आधी. पत्त्यांच्या डावात मुळीच नको.

पत्ते, सदाशिव पेठ

१९५३च्या कादंबरीतला खेळ बॅकरा, चित्रपटात टेक्सास होल्डेम, म्हणजे पोकरचा एक प्रकार. तीन पत्तीवाले इथेच घोटाळा करतात. तिथे सीक्वेन्स कलरपेक्षा मोठी. पोकरमध्ये उलट, फ्लश (म्हणजे कलर) स्ट्रेटला (म्हणजे सीक्वेन्सला) मारतो. दाखवण्याआधी पाच मिनिटं काढून शेवटचा डाव टेबलावर मांडाच.

मधली, सगळ्यांची सामायिक पानं : बदाम एक्का, इस्पिक अठ्ठी, छक्की, चौकी आणि शेवटी इस्पिक एक्का. बाँडच्या हातात इस्पिक पंजी-सत्ती. म्हणजे चौथं पान पडताच त्याची चार ते आठ स्ट्रेट फ्लश पूर्ण झालेली असते. खलनायक ल शिफ्रकडे एक्का-छक्की, म्हणून एक्क्यांचं फुल हाउस (तीन एक्के, दोन छक्क्या). एरवी ११.५ कोटी डॉलर ओढून न्यायला तेवढं पुरलं असतं! हे ठाऊक असेल तरच प्रेक्षक पत्त्यांऐवजी चेहरे बघतात, आणि हा प्रसंग चेहऱ्यांचाच आहे.

संकलन, एरंडवणे

जिन्यातल्या मारामारीपेक्षा नंतरचं बघा. बाँड आरशासमोर रक्त धुतो, मद्याचा घोट घेतो, शर्ट बदलतो आणि टेबलावर परततो. नायिका व्हेस्पर मात्र अंगावरच्या कपड्यांनिशी शॉवरखाली बसून राहते. तो शेजारी बसतो, तिची बोटं तोंडात घेतो. जुन्या पटांत मारामारी संपली की विषय संपायचा. इथे ती दोघांच्या अंगावर राहते. चर्चेसाठी एकच तुकडा घ्यायचा, तर हा. पाठलागातही तेच तत्त्व : पळणारा झरोक्यातून सुळकन निसटतो, बाँड भिंत फोडून येतो.

स्टंट, हडपसर

बाँडची गाडी सात कोलांट्या घेते, तो तेव्हा विक्रम ठरला. नुसत्या रॅम्पवर ती उलटेना, म्हणून आत नायट्रोजनच्या दाबावरची तोफ बसवली.

ध्वनी, कर्वेनगर

संगीतकार डेव्हिड अर्नोल्डने बाँडची ओळखीची धून पूर्ण रूपात शेवटपर्यंत राखून ठेवली आहे. तोवर शीर्षकगीताची चाल आणि त्या धुनेचे इशारेच वाजतात. म्हणून शेवटी बाँडने नाव सांगितल्याबरोबर दिवे लावू नका. धून तिथेच सुरू होते.