मदत हवी आहे : जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून न जाता कासवे पाहायला डिगलीपूर कसे गाठावे?

नमस्कार,

येत्या जानेवारीत मी, पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांची आई असे चौघे नऊ दिवसांसाठी अंदमानला जात आहोत. पोर्ट ब्लेअरची (आताचे श्री विजयपुरम) विमानाची जाण्यायेण्याची तिकिटे काढून झाली आहेत. आईच्या लेखी या सहलीचे कारण एकच आहे, सेल्युलर जेल, त्यामुळे पहिला दिवस तिचा. प्रश्न पुढच्या आठ दिवसांचा आहे.

सहल कंपनीने आखून दिलेल्या कार्यक्रमात हॅवलॉक आणि नील या बेटांवर मिळून पाच मुक्काम आहेत. हॅवलॉकचा राधानगर किनारा सुंदर असणारच, परंतु आम्हा तिघांना पाण्यातल्या खेळांपेक्षा प्राणी-पक्षी पाहण्याची ओढ अधिक आहे. गेल्या वर्षी कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहिली, तेव्हापासून मुलीने एकच धोशा लावला आहे की आता पिल्लांची आई पाहायची. उत्तर अंदमानात डिगलीपूरजवळ कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात माद्या रात्री अंडी घालायला येतात, आणि आमच्या तारखा नेमक्या त्या हंगामात पडतात.

अडचण रस्त्याची आहे. पोर्ट ब्लेअरहून डिगलीपूर सुमारे तीनशे किलोमीटर असून ग्रेट अंदमान ट्रंक रोड जिरकाटांगपासून जारवांच्या राखीव क्षेत्रातून जातो. तेथे पोलिसांच्या देखरेखीखाली गाड्यांचा ताफा सोडतात. वाटेत थांबण्यास आणि छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. नियम आम्ही पाळूच, पण ज्या रस्त्याचा हा भाग बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये दिला होता, त्याच रस्त्याने निव्वळ हौसेखातर जाणे मनाला पटत नाही. गाडीच्या काचेतून माणसे न्याहाळत जायचे आणि पुढे जाऊन मुलीला कासवांशी कसे वागावे ते शिकवायचे, हे मला जमणार नाही. शिवाय दहा-बारा तासांचा प्रवास आईच्या गुडघ्यांना झेपणारा नाही.

नकाशा पाहून एक पर्याय सुचला आहे. हॅवलॉकला दोन मुक्काम करून तेथून सरकारी बोटीने मध्य अंदमानातील रंगत गाठावे, म्हणजे राखीव क्षेत्रातला रस्ता टळतो. रंगतजवळच्या धनीनाला येथे खारफुटीतून किनाऱ्यापर्यंत लाकडी पायवाट आहे आणि तेथेही कासवे येतात. आईची तब्येत कुरकुरली तर तेथेच थांबता येईल, नाहीतर मायाबंदरमार्गे डिगलीपूर. हा मार्ग कोणी प्रत्यक्ष केला आहे का? रंगतच्या बोटीची तिकिटे पर्यटकांना आगाऊ मिळतात का, आणि समुद्र खवळल्यामुळे बोट रद्द झाल्यास हाताशी किती दिवस राखून ठेवावेत? परतीचे विमान चुकण्याची मला सर्वांत जास्त धास्ती आहे. हेलिकॉप्टरचाही विचार केला, परंतु त्यात बेटवासीयांना प्राधान्य असते आणि ते योग्यच आहे.

पक्ष्यांसाठी पोर्ट ब्लेअरजवळच्या चिडिया टापूला एक पहाट ठेवली आहे. आपला भारद्वाज अंगाने काळा, तर अंदमानचा फिकट तपकिरी. तो आणि तिथला काळा सुतार पक्षी दिसला तरी पत्नी खूश होईल. तेथे जानेवारीत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून संध्याकाळच्या भरवशावर राहायचे नाही असे ठरवले आहे. पक्षी ओळखणारा स्थानिक वाटाड्या कसा शोधावा, हे सांगितल्यास बरे होईल.

शेवटचे कालीपूरविषयी. रात्री किनाऱ्यावर जाण्यासाठी वन विभागाची परवानगी आदल्या दिवशी घ्यावी लागते की तेथील कर्मचाऱ्यांबरोबर गस्तीला जाता येते? आई मुक्कामीच थांबेल, त्यामुळे किनाऱ्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर राहण्याची साधी, स्वच्छ सोय आणि रात्री जेवण मिळेल असे ठिकाण ठाऊक असल्यास कृपया कळवावे.