संशोधन, अध्यापन, मार्गदर्शन: तिन्हींसाठी मिळून एकच सन्मान का?

पानगळ

प्राध्यापकांच्या सन्मानपत्रात एक वाक्य हमखास असतं: 'संशोधन, अध्यापन आणि विद्यार्थ्यांचं मार्गदर्शन या तिन्ही क्षेत्रांतील उत्कृष्ट कामगिरीबद्दल.' त्याखालचा परिचय नीट वाचून बघा. शोधनिबंध किती, सायटेशन्स (इतरांनी घेतलेले संदर्भ) किती, एच-इंडेक्स किती, प्रकल्पांसाठी निधी किती आणला. मग शिकवण्याबद्दल एखादी ओळ. आणि मार्गदर्शनाबद्दल 'यांच्या हाताखाली इतक्या जणांनी पीएचडी पूर्ण केली', बस्स. पीएचडी अर्धवट टाकून गेलेल्यांचा आकडा मी आजवर एकाही सन्मानपत्रात वाचलेला नाही.

तीन गोष्टी एका माळेत ओवल्या की जी मोजता येते तीच भाव खाऊन जाते. एच-इंडेक्स हा हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेला, शोधनिबंधांची संख्या आणि त्यांची सायटेशन्स मिळून काढायचा एक साधा आकडा. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात तो आकडा, तर मुळात कोणती जर्नल्स घ्यायची हे ग्रंथपालांना ठरवता यावं म्हणून आला. या आकड्यांवरून माणसांची पारख करू नका, असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ मध्ये तयार झाला, कितीतरी संस्थांनी त्यावर सह्याही केल्या. तरी निवड समितीपुढच्या अर्जाचं पहिलं पान आजही आकड्यांचंच असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की तिन्ही सन्मान वेगळे करा. आणि मार्गदर्शनाचा सन्मान द्यायचा तर जुन्या विद्यार्थ्यांना विचारून द्या, तेही ते बाहेर पडून निदान दहा वर्षं झाल्यावर. तुम्हाला काय वाटतं?

त्रिज्या

अजिबात पटलं नाही.

वेगळे केले की काय होईल ते सांगतो. संशोधनाचा सन्मान तो खरा आणि अध्यापनाचा सन्मान म्हणजे समाधानापुरता, अशी उतरंड दुसऱ्याच वर्षी तयार होईल. आमच्याकडे शिकवण्याचं बक्षीस मिळालेल्या एका मॅडमना सहकाऱ्याने अभिनंदन करता करताच विचारलं होतं, 'म्हणजे आता लॅब बंद का?' हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. एकत्रित सन्मानात निदान तिन्ही गोष्टी एका पातळीवर आहेत असं कागदावर तरी लिहिलेलं असतं.

शिवाय एकच माणूस दोन्ही करू शकतो याची उदाहरणं आहेत. रिचर्ड फाइनमन यांना १९६५ मध्ये नोबेल मिळालं आणि १९७२ मध्ये भौतिकशास्त्राच्या अध्यापनासाठीचं ओर्स्टेड पदक. कार्ल वीमन यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं, आणि पुढे ते भौतिकशास्त्र कसं शिकवावं याच्याच संशोधनात शिरले. २००७ मध्ये त्यांनाही ओर्स्टेड पदक मिळालं. ज्ञान तयार कसं होतं हे ज्याने स्वतः अनुभवलंय तोच ते वर्गात दाखवू शकतो. तुम्ही ही दोन माणसं वेगळी करायला निघालात.

शेवटचा_बाक

त्रिज्या, दोन नोबेलवाले सापडले म्हणून नियम सिद्ध होत नाही. जॉन हॅटी आणि हर्बर्ट मार्श या शिक्षण-संशोधकांनी १९९६ मध्ये ५८ अभ्यास एकत्र करून नेमका हाच प्रश्न तपासला: चांगला संशोधक हा चांगला शिक्षक असतो का? सहसंबंध निघाला ०.०६. म्हणजे जवळपास शून्य. संशोधनामुळे शिकवणं बिघडतं असंही नाही आणि सुधारतं असंही नाही. दोन्ही गुण एकमेकांपासून सुटे आहेत.

मग एकत्रित सन्मान देताना समिती काय करते? एका गुणाचा पुरावा बघते आणि उरलेले दोन गृहीत धरते. पानगळ यांच्याशी सहमत.

तळटीप

मी दोन्ही बाजूंशी थोडी असहमत आहे. सगळी भिस्त विद्यार्थ्यांच्या मतावर ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थी कोणत्या प्राध्यापकाच्या तुकडीत जाणार हे स्वतः ठरवत नाहीत, वाटप यादृच्छिक असतं. त्यामुळे तुलना करायला ती जागा उत्तम. कॅरेल आणि वेस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये तिथली आकडेवारी तपासली. पहिल्या कॅल्क्युलसच्या कोर्समध्ये ज्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांनी भरभरून गुण दिले, त्यांचे विद्यार्थी त्या कोर्समध्ये चमकले, पण पुढच्या, त्यावर आधारलेल्या कोर्सेसमध्ये मागे पडले. जास्त अनुभवी आणि कमी आवडत्या प्राध्यापकांचे विद्यार्थी पुढे टिकले.

दुसरं उदाहरण हार्वर्डमधलं, २०१९ सालचं. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाला सुरेख, ओघवतं व्याख्यान. दुसऱ्याला स्वतः गणितं सोडवत, अडखळत शिकायला लावलं. दुसरा गट जास्त शिकला. पण 'आपण किती शिकलो' असं विचारलं तर पहिल्या गटाला वाटलं की आपण जास्त शिकलो! समजल्याचा भास आणि समजणं यांतलं अंतर त्या वर्गात बसलेल्याला कळत नाही. मग त्याच वर्गाच्या फीडबॅक फॉर्मवर 'उत्कृष्ट शिक्षक' ठरवायचा?

माझ्या मते सहकाऱ्यांनी वर्गात मागे जाऊन बसावं. एकदा नव्हे, सहा-सात वेळा. प्रश्नपत्रिका पाहाव्यात, तपासलेल्या उत्तरपत्रिका पाहाव्यात. हे कष्टाचं आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

पानगळ

तळटीप, तुमचा मुद्दा मान्य. पण मी दहा वर्षांनी विचारा म्हटलं ते याच कारणासाठी. त्या सेमिस्टरचा राग-लोभ तोवर निवळलेला असतो.

माझाच अनुभव सांगते. माझ्या गाईड मॅडम शाईचं पेन वापरायच्या, हिरवी शाई. प्रबंधाचं पहिलं प्रकरण मी त्यांच्याकडे दिलं, चाळीस पानं. परत आलं तेव्हा पहिल्या नऊ पानांच्या समासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा लिहिलेला: 'हे तुला कशावरून कळलं?' दहाव्या पानापासून समास कोरा. मी विचारलं, पुढचं वाचलं नाहीत का? म्हणाल्या, 'पहिल्या नऊ पानांची उत्तरं दे, पुढची एकतीस तू स्वतःच बदलशील.' त्या आठवड्यात फॉर्म भरायला दिला असता तर मी सगळ्या रकान्यांत शून्य दिलं असतं. आज माझ्या विद्यार्थ्यांच्या समासात मी तोच प्रश्न लिहिते. मॅडमना कधीच कसलाही सन्मान मिळाला नाही. शोधनिबंध थोडे होते.

त्रिज्या

अनुभव मनापासून आवडला, पण यातून पुरस्काराची पद्धत कशी काढणार? दहा वर्षांनी ज्यांचं बरं झालं तेच उत्तर पाठवतील. ज्यांचं वाईट झालं ते ईमेलसुद्धा उघडणार नाहीत. तुमचं माप आणखी एका दिशेने कलतं, एवढंच.

अर्धा_प्रबंध

त्रिज्या, मी तो ईमेल न उघडणाऱ्यांपैकी आहे. आज उत्तर देतो.

मी पीएचडी चौथ्या वर्षी सोडली. माझ्या गाईडना त्याच्या आदल्या वर्षी मार्गदर्शनासाठीचा सन्मान मिळाला होता, आणि त्यांच्या शिफारसपत्रांपैकी एकावर माझी सही आहे. पत्र मी लिहिलेलं नव्हतं. ऑफिसमधून तयार मसुदा आला, सोबत चिठ्ठी: 'हवे ते बदल करून संध्याकाळपर्यंत पाठव.' मी एक विशेषण बदललं आणि सही केली. फेलोशिपच्या मुदतवाढीचा अर्ज त्याच टेबलावर पडून होता. कोणी धमकी दिली नाही, तशी गरजच नव्हती.

लॅबमध्ये प्रत्येकाचा एक ड्रॉवर असायचा, वर पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव. कोणी सोडून गेलं की जुन्या पट्टीवर नवी पट्टी लागायची. मला मिळालेल्या ड्रॉवरवरची पट्टी बरीच जाड होती. एकदा मी नखाने कड उचलून पाहिली तर माझ्या नावाखाली तीन नावं निघाली. त्यातलं एकच पीएचडी झालेल्यांच्या यादीत होतं. सन्मानपत्रात ती यादी होती, त्या पट्ट्या नव्हत्या.

शेवटचा_बाक

हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. लिहिल्याबद्दल आभार.

दुसरा_वाचक

मी स्वतः गाईड आहे, त्यामुळे माझी बाजू पक्षपाती आहे हे आधीच सांगतो.

अर्धा_प्रबंध यांच्या बाबतीत घडलं ते वाईटच. विद्यार्थी गाईडवर अवलंबून असताना त्याच्याकडून शिफारसपत्र घेऊच नये, हा नियम आजच्या आज व्हावा. पण सोडून गेलेल्या प्रत्येकाचा हिशेब गाईडच्या खात्यावर मांडणं मला मान्य नाही. माझी एक विद्यार्थिनी दोन वर्षांनी म्हणाली, 'सर, मला हे आवडत नाही.' आम्ही दीड महिना बोललो. मी तिला जाऊ दिलं, नोकरीसाठी पत्रही दिलं. माझ्या मते ते माझं सगळ्यात चांगलं मार्गदर्शन होतं, आणि तुमच्या तक्त्यात ते 'गळती' म्हणून लागेल. हा आकडा सन्मानाला जोडला तर गाईड काय करतील? नको असलेल्या पीएचड्या ओढून-ताणून पूर्ण करून घेतील आणि जोखमीचा विद्यार्थी घेणारच नाहीत.

दुसरं, सन्मान सरसकट निरुपयोगी मानू नका. मार्गदर्शनाचे तास कुठल्याच कागदावर येत नाहीत. 'हिग्ज बोसॉन' कणाचं भाकीत १९६४ मध्ये करणाऱ्या पीटर हिग्ज यांनी त्यानंतर उभ्या आयुष्यात दहासुद्धा शोधनिबंध लिहिले नाहीत, आणि नोबेल मिळालं त्या २०१३ मध्ये त्यांनी सांगितलं की आजच्या व्यवस्थेत मला नोकरीच मिळाली नसती. व्यवस्था अशी असताना बढतीच्या अर्जात 'मार्गदर्शनासाठी सन्मान' ही एक ओळ लिहिता आली, तर एखाद्या तरुण प्राध्यापकाला विद्यार्थ्यासोबत दुपार घालवायला कारण मिळतं.

आणि मार्गदर्शन दिसतच नाही असंही नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड झोमरफेल्ड यांचं नाव नोबेलसाठी ८४ वेळा सुचवलं गेलं, मिळालं एकदाही नाही. पण हायझेनबर्ग, पाउली, डेबाय आणि बेथे हे चौघे त्यांच्याकडे डॉक्टरेट करून पुढे नोबेल घेऊन गेले.

तळटीप

झोमरफेल्ड थोर होतेच. पण पाउली अठराव्या वर्षी त्यांच्याकडे आला तेव्हा सापेक्षतेवरचं लेखन हातात घेऊनच आला होता. अशा विद्यार्थ्याला घडवलं किती आणि तो चालत आला किती, हे कसं वेगळं काढणार? समाजशास्त्रज्ञ हॅरिएट झुकरमन यांनी अमेरिकेतल्या नोबेलविजेत्यांचा अभ्यास केला तेव्हा निम्म्याहून जास्त जण आधीच्या नोबेलविजेत्यांच्या हाताखाली काम केलेले निघाले. हुशार मुलं नामवंतांकडे जातात, नामवंत हुशार मुलं निवडतात, आणि मग त्या मुलांच्या यशाचा मानही नामवंतांनाच मिळतो. हा तर दुहेरी लाभ.

मला तो गाईड शोधायचाय, ज्याच्याकडे तीन ठिकाणी नाकारलेली मुलगी आली आणि पाच वर्षांनी स्वतःचा प्रश्न स्वतः मांडू लागली. तिला पुढे नोबेल मिळणार नाही. त्यामुळे तिच्या गाईडचं नाव तुमच्या कुठल्याच यादीत येणार नाही.

काठावर

पहिल्यांदाच लिहितेय. श्रेयाचा मुद्दा राहून गेला असं वाटलं. जोसेलिन बेल बर्नेल यांनी १९६७ मध्ये संशोधक विद्यार्थिनी असताना पल्सारचा (ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्याचा) पहिला संकेत कागदाच्या लांबच लांब पट्ट्यांवर हुडकला. १९७४ चं नोबेल मात्र त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांना, मार्टिन राइल यांच्यासोबत, मिळालं. २०१८ मध्ये बेल बर्नेल यांना स्वतःला ३० लाख डॉलरचा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी ती सगळी रक्कम ज्यांना सहसा संधी मिळत नाही अशा पीएचडी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली. मार्गदर्शनाच्या सन्मानासाठी अर्ज आला की समितीने एवढं विचारावं: विद्यार्थ्याने शोधलेल्या गोष्टीवर पहिलं नाव कोणाचं लागलं?

पानगळ

दुसरा_वाचक, गळतीच्या आकड्याबद्दल तुमचं म्हणणं ऐकून मी माझी मागणी बदलते. नुसता आकडा नको. गेलेल्यांनाही राहिलेल्यांइतकंच विचारा, आणि ती उत्तरं गाईडच्या हातून जाऊ देऊ नका. 'नेचर' नियतकालिक २००५ पासून मार्गदर्शनासाठी वेगळा पुरस्कार देतं, त्यात कारकिर्दीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर हाताखाली शिकलेल्यांची निवेदनं मागवतात. तोच धागा पुढे न्यावा, आणि पत्रं कोणाकडून घ्यायची ते अर्जदाराने नव्हे तर समितीने ठरवावं. तिन्ही सन्मान वेगळे हवेत, यावर मात्र मी ठाम आहे. त्रिज्या म्हणतात ती उतरंड होईल, पण ती आजही आहेच, फक्त एका नावाखाली दडलेली.

त्रिज्या

समितीने नावं निवडावीत हे मान्य. वेगळे करण्याला विरोध कायम.

दुसरा_वाचक

अर्धा_प्रबंध, एक विचारू का? जमलं तरच सांगा. मसुदा आलाच नसता आणि कोणी तुम्हाला कोरा कागद दिला असता, तर काय लिहिलं असतंत?

अर्धा_प्रबंध

लिहिलं असतं की पहिल्या वर्षी मशीन बंद पडलं तेव्हा सर रात्री अकरा वाजता आले आणि जमिनीवर बसून माझ्यासोबत पंप उघडला. व्हॅक्यूमची गळती कशी शोधायची हे त्यांनी त्या रात्री शिकवलं. आजच्या नोकरीत मी ते रोज वापरतो.

आणि हेही लिहिलं असतं की तिसऱ्या वर्षी माझ्या प्रयोगाचे निकाल त्यांच्या प्रकल्पाच्या अपेक्षेविरुद्ध आले, तेव्हापासून सोमवारची आमची भेट आधी पुढे ढकलली गेली आणि मग कॅलेंडरवरूनच गेली.

मसुद्यात यातलं एकही नव्हतं. पंपाचंसुद्धा नव्हतं.