पायथन-डॉक्स : परिच्छेद आणि तक्ते फाइलमधल्याच क्रमाने कसे वाचायचे? मदत हवी आहे

शिरोरेघ :
वर्डच्या डॉक्स फाइलमधला मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढायचा आहे. पायथन-डॉक्स (पायथनमधून वर्ड फाइल हाताळायची लायब्ररी) वापरतोय, आवृत्ती १.१.२. फाइल म्हणजे सभेचं इतिवृत्त : विषय, ठराव, त्याखाली खर्चाचा तक्ता, मग पुढचा विषय.

डॉक्युमेंट.पॅराग्राफ्स वर लूप लावला की फक्त परिच्छेद येतात. डॉक्युमेंट.टेबल्स वर लावला की फक्त तक्ते येतात, मग कोणता तक्ता कुठल्या ठरावाखालचा ते कळत नाही. बॉडी.आयटर() ने सगळे 'पी' (परिच्छेद) टॅग उचलले तर खान्यांमधले परिच्छेदही सुटे होऊन मध्येच येतात, ओळी-रकाने राहतच नाहीत.

आणखी दोन अडचणी : शेवटच्या ओळीत तीन खाने जोडून 'एकूण' लिहिलंय, ते तीनदा छापलं जातं. आणि अनुक्रमणिका कुठेच येत नाही.

काटकोन :
आधी झाड, म्हणजे फाइलमधल्या टॅगांची आई-मुलं अशी रचना, बघा. डॉक्स ही झिप फाइल असते. ती उघडून आतल्या वर्ड फोल्डरमधली डॉक्युमेंट.एक्सएमएल पाहिलीत तर 'बॉडी' च्या पोटात 'पी' आणि 'टीबीएल' (तक्ता) एकाखाली एक, लिहिलेल्या क्रमानेच बसलेले दिसतील. क्रम फाइलमध्ये शाबूत आहे. पॅराग्राफ्स आणि टेबल्स हे त्याच मुलांवर लावलेल्या दोन वेगळ्या चाळण्या आहेत, म्हणून तो तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. आयटर() मात्र मुलं, नातवंडं, पणतवंडं सगळी एका रांगेत देतो. तुम्हाला फक्त मुलं हवी आहेत.

१.१.० पासून त्यासाठी तयार मेथड आहे :

फॉर घटक इन डॉक्युमेंट.आयटर_इनर_कंटेंट():

घटक एकतर पॅराग्राफ असतो किंवा टेबल. इझइन्स्टन्स ने तपासा. टेबल असेल तर ओळी फिरवा आणि प्रत्येक खान्यावर पुन्हा हीच मेथड चालवा, कारण खान्याच्या आत आणखी तक्ता असू शकतो. म्हणजे एकच फंक्शन लिहायचं, ते स्वतःलाच बोलावतं. हेडर-फुटर बॉडीत नसतात, ते सेक्शनवरून वेगळे घ्यावे लागतात.

१.१.० च्या आधीची आवृत्ती असेल तर फक्त थेट मुलं देणारं बॉडी.इटरचिल्ड्रन() घ्या, टॅग बघा आणि पॅराग्राफ किंवा टेबलचा ऑब्जेक्ट स्वतः बनवा.

शिरोरेघ :
क्रम जमला, धन्यवाद. 'एकूण' अजून तीनदाच येतंय. आधी आलेले खाने टाळायला आयडी(सेल), म्हणजे पायथनने ऑब्जेक्टला दिलेला नंबर, एका सेटमध्ये ठेवून बघितलं. त्याने काही खाने उडाले, आणि तेही दर वेळी वेगळे.

काटकोन :
रो.सेल्स हे खाने मोजत नाही, रकाने मोजतं. तीन रकाने व्यापणारा खाना तीन वेळा येणारच. उभे जोडलेले असतील तर खालच्या ओळीतही वरचाच खाना परत मिळतो.

आयडी() चा घोळ असा : सेल हा दर वेळी नव्याने बनणारा ऑब्जेक्ट आहे. तुम्ही त्याचा नुसता नंबर ठेवलात, ऑब्जेक्ट मेमरीतून गेला, तोच नंबर पुढच्या खान्याला मिळाला, की तो खाना 'आधी पाहिलेला' ठरतो. म्हणून उडणारे खाने बदलत राहतात. सेल._टीसी हा खालचा एक्सएमएल घटक स्वतः सेटमध्ये टाका, त्याचा आयडी नको. घटक धरून ठेवलात की एलएक्सएमएल (पायथन-डॉक्सच्या खालची एक्सएमएल लायब्ररी) पुढच्या वेळीही तोच ऑब्जेक्ट देतं आणि तुलना बरोबर होते.

सेट प्रत्येक तक्त्याला नवा घ्या, प्रत्येक ओळीला नको, नाहीतर उभी जोडणी सुटेल. रकाने जुळवून छापायचे असतील तर वगळलेल्या खान्याच्या जागी रिकामी स्ट्रिंग टाका, नुसतं पुढे जाऊ नका. पहिल्या ओळीत 'अ.क्र. | तपशील | दर | रक्कम' आणि शेवटच्या ओळीत 'एकूण | | | ४८००' असं आलं की झालं.

पोटकलम :
अनुक्रमणिकेबद्दल. वर्डच्या गॅलरीतून घातलेली अनुक्रमणिका 'एसडीटी' नावाच्या वेष्टनात बसते. वरची आयटर_इनर_कंटेंट() मेथड बॉडीच्या थेट 'पी' आणि 'टीबीएल' मुलांनाच ओळखते, एसडीटी दिसला की न थांबता पुढे जाते, एररही देत नाही. फॉर्ममधल्या भरायच्या जागांचंही हेच होतं. त्यामुळे अशा फाइलींना बॉडी.इटरचिल्ड्रन() वरच या : टॅग एसडीटी असेल तर आतल्या 'एसडीटीकंटेंट' ची मुलं घ्या आणि त्याच फंक्शनला द्या.

इतिवृत्त म्हणजे दुरुस्त्या आल्याच, म्हणून हेही तपासा. ट्रॅक चेंजेस चालू ठेवून घातलेला मजकूर 'आयएनएस' टॅगच्या आत असतो आणि पॅराग्राफ.टेक्स्ट तो घेत नाही. ठरावातला बदललेला आकडा असा गुपचूप गळतो. सगळ्यात सोपं म्हणजे वर्डमध्ये बदल स्वीकारून फाइल सेव्ह करणं. ते शक्य नसेल तर पॅराग्राफच्या घटकावर एक्सपाथने (एक्सएमएलमधले टॅग शोधायची भाषा) खालचे सगळे 'टी' टॅग गोळा करा. खोडलेला मजकूर 'डेलटेक्स्ट' मध्ये असतो, तो आपोआप बाहेर राहतो. मात्र टॅब आणि ओळ तोडणारा 'बीआर' हे वेगळे टॅग आहेत, तेही मागा, नाहीतर शब्द एकमेकांना चिकटतील.

या एक्सपाथने मजकूर चौकटीतला मजकूर दोनदा येऊ शकतो. वर्ड चौकट एकदा नव्या पद्धतीने आणि एकदा जुन्या आवृत्त्यांसाठी 'फॉलबॅक' मध्ये लिहून ठेवतं. ज्यांच्या पूर्वजांत फॉलबॅक आहे ते टॅग गाळा. त्याचा 'एमसी' हा उपसर्ग पायथन-डॉक्सच्या यादीत नाही, थेट लिहिलात तर एक्सपाथ एरर देईल. लोकल-नेम() ने नाव जुळवा.

शिरोरेघ :
एसडीटी उघडल्यावर अनुक्रमणिका आली. शेवटचं : रिकामे परिच्छेद फाइलमधूनच काढून टाकायचे आहेत. बॉडी.आयटर() च्या लूपमध्ये रिमूव्ह केलं तर लूप मध्येच थांबतो.

काटकोन :
पायाखालची फांदी तोडताय. इटरेटर पुढची वाट झाडावरूनच शोधतो, फिरताफिरता घटक काढलात तर ती वाट तुटू शकते. आधी लिस्ट(बॉडी.इटरचिल्ड्रन()) करून घ्या आणि त्या लिस्टवर फिरा.

टेक्स्ट रिकामं म्हणजे परिच्छेद रिकामा, असं धरू नका. चित्र 'ड्रॉइंग' मध्ये असतं, आणि सेक्शनची पानरचना 'पीपीआर' (परिच्छेदाची मांडणी) मधल्या 'सेक्टपीआर' टॅगमध्ये. असा परिच्छेद काढलात तर आडवं पान उभं होईल. खान्यातला शेवटचा परिच्छेद तर रिकामा असला तरी राहू द्या. 'टीसी' (खाना) चा शेवट 'पी' ने व्हावाच लागतो, नाहीतर वर्ड फाइल खराब आहे म्हणून सांगेल.