तिरंदाजी: नवीन कम्पाउंडवाल्याच्या हातात पहिलं रिलीज कुठलं? माझं मत: हिंजच

फोंड्याचा कम्पाउंडवाला:
कम्पाउंड म्हणजे चाकांचं धनुष्य, त्याची दोरी बोटांनी नाही तर रिलीज नावाच्या हातातल्या यंत्राने ओढून सोडतात. त्यातलं मनगटाला पट्टा बांधून बोटाने ट्रिगर ओढायचं रिलीज नवीन पोरांना देऊच नये असं माझं ठाम मत आहे. नेमाचा डॉट टार्गेटच्या मधल्या पिवळ्यावर आला रे आला की बोट झटका मारतं आणि ही सवय एकदा लागली की पुढे टार्गेट पॅनिक (नेम धरतानाच येणारी धास्ती) ठरलेलं, मग डॉट पिवळ्याच्या खालीच अडकून बसतो, पोरगं कितीही जोर करू दे वर सरकत नाही. बॅक टेन्शनच्या, म्हणजे पाठीच्या ताणाने सुटणाऱ्या हिंज रिलीजला ट्रिगरच नाही. अँकरला यायचं, म्हणजे दोरी ओढून हात जबड्याशी टेकवायचा, खांद्याची पाती आत ओढत राहायचं, हँडल हळूहळू फिरतं आणि हुक सुटतो. नेमका कधी ते कळत नाही म्हणून अंग आधीच दचकत नाही.

म्हापशेकर:
भाई, अजिबात पटलं नाही. ओढतानाच पहिल्या बोटावरचा भार कमी झाला की हिंज अर्ध्यात सुटतं आणि मूठ थेट तोंडावर. १२ वर्षांच्या पोराला एकदा असं झालं की तो धनुष्य ओढायलाच घाबरतो. आणि हिंज दिलं म्हणून पाठ वापरली जाते हे कुणी सांगितलं? अर्धे लोक बोटं सैल करून हँडल फिरवतात, म्हणजे ट्रिगर मारणंच झालं ना ते. थंब बटन (अंगठ्याने सुटणारं रिलीज) जरा जड सेट करा, अंगठा गुंडाळून ठेवा आणि पाठीने ओढा, तोच शॉट मिळतो.

फोंड्याचा कम्पाउंडवाला:
तोंडावर बसतं ते घाई केली म्हणून. आधी ड्रॉ लेंग्थएवढ्या (धनुष्य जेवढं ओढतो तेवढ्या) दोरीच्या लूपवर शिकवायचं, धनुष्य नंतर. अँकर येईपर्यंत अंगठा खुंटीवर दाबून ठेवायचा, तो सोडल्याशिवाय बोटांनी फिरवायचं नाही.

डिचोलीची आई:
माझी मुलगी थंब बटन वापरते म्हणून लिहिते. मॅचमध्ये आळीपाळीने मारताना एका बाणाला २० सेकंद असतात. ५० मीटरवर दुपारचा वारा डॉट हलवतोय, हिंज सुटत नाहीये, धनुष्य उतरवून परत ओढायला वेळ कुठून आणायचा? त्यात आपल्याकडची दमट हवा, घामाने बोटांची पकड बदलते आणि रोजचं सेटिंग उशिरा सुटतं. २०२३ ला बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघेही वर्ल्ड चॅम्पियन झाले, ओजसने तर फायनलमध्ये १५० पैकी १५० मारले, ते बघून इथली मुलं येतायत. २०२८ ला ऑलिम्पिकमध्ये कम्पाउंड मिक्स्ड टीमही आहे. त्यांना मॅच खेळता आली पाहिजे हो.

फोंड्याचा कम्पाउंडवाला:
ताई, मॅचला थंब बटन लावा, माझी ना नाही. पण पावसाळ्याचे महिने तसेही आत, जवळच्या कोऱ्या बट्ट्यावर (बाण अडवायच्या गादीवर) जातात, तेव्हा हिंज द्या. टार्गेट नाही, घड्याळ नाही, फक्त पाठ.

म्हापशेकर:
कोऱ्या बट्ट्यावर हिंज, हे मान्य. पहिलं रिलीज म्हणून अजूनही नाही.