शर्ली टेंपलचे सिनेमे आज परत बघावेत का? (आणि पोरांना दाखवावेत का?)

आडकित्ता
धागा भांडायलाच काढलाय, आधीच सांगतो. तीसच्या दशकातल्या मंदीत अमेरिकेत शर्ली टेंपल या बालनटीचे जे सिनेमे चालले ते म्हणजे नुसता साखरेचा पाक, असं सगळे न बघताच म्हणतात. 'ब्राइट आइज' (१९३४) घ्या. बाप वैमानिक होता तो आधीच गेलाय, आई एका श्रीमंत घरात मोलकरीण, आणि ऐन ख्रिसमसला पोरीसाठी केक घेऊन येताना ती गाडीखाली येते. आता हे गोडगोड कुठल्या बाजूनं आहे ते मला सांगा. त्या घरातली लाडावलेली पोर जॉय (जेन विदर्सनं काय धमाल केलीय) ख्रिसमसला मशीनगन मागते आणि सांताक्लॉज नसतोच, माझ्या मानसोपचारतज्ज्ञानं सांगितलंय म्हणते! १९३३ मध्ये तिकडे जवळपास चारातला एक कामकरी बेकार होता, ते लोक थेटरात बसून मालकीणबाईंच्या कार्टीला हसत होते. १९३५ ते ३८ सलग चार वर्षं बॉक्स ऑफिसवर पहिला नंबर या मुलीचा, क्लार्क गेबल वगैरे मागे. लोक काय येडे होते?

पिवळी_छत्री
येडे नव्हते, गांजलेले होते, आणि गांजलेल्या माणसाला काय विकायचं ते स्टुडिओला बरोब्बर कळत होतं. या सिनेमांचा साचा बघा ना. पोर अनाथ नाहीतर अर्धी अनाथ, एक खडूस श्रीमंत म्हातारा, पोरगी गाते नाचते, म्हातारा विरघळतो, झालं. 'कर्ली टॉप'मध्ये तर अनाथाश्रमाचा श्रीमंत विश्वस्तच तिला घरी नेतो आणि वर तिच्या मोठ्या बहिणीच्या प्रेमात पडतो. म्हणजे गरिबी हा पगाराचा प्रश्नच नाही, श्रीमंताला पाझर फुटला की मिटला. १९३४ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोत गोदी कामगारांच्या संपातून अख्खं शहर बंद पडलं होतं, त्यातलं काही दिसतं का यांच्यात?

आडकित्ता
लहान मुलांच्या सिनेमात संप कशाला दिसायला हवा? अपेक्षा तरी किती ठेवाल.

रिकामटेकडा
संप सोडा हो. 'द लिटलेस्ट रेबेल' (१९३५) बघितलाय का कुणी अलीकडे? यादवी युद्ध, दक्षिणेतला मळा, गुलाम सगळे खुशीत, मालकिणीच्या बाळीवर जीव टाकणारे, आणि उत्तरेचे सैनिक आले की ही पोर तोंडाला बूटपॉलिश फासून गुलामाचं पोर बनून लपते. आणि शेवटी हीच मुलगी लिंकनकडे जाऊन बसते, लिंकन सफरचंद कापून तिला फोडी देतोय, वडलांना माफी मिळणार. ज्यांच्यावरून युद्ध झालं ते लोक तोवर मागे उभे. मी पाचवीतल्या मुलाला दाखवायला घेतला होता, अर्ध्यात बंद केला, समजावणार तरी कुठून कुठून.

मावशीबाई
रिकामटेकडा, तो सिनेमा वाईटच आहे, त्यावर वाद नाही. पण त्याच वर्षीचा 'द लिटल कर्नल' आहे ना, त्यातला जिन्यावरचा नाच बघा आणि मग बोला. काळा नर्तक बिल रॉबिन्सन तेव्हा पन्नाशी पार केलेला माणूस, शर्लीला झोपायला वर जायचं नाहीये म्हणून हट्ट चाललाय, तर तो म्हणतो मी जिना कसा चढतो बघ आणि चढतो, उतरतो, एकेका पायरीचा वेगळा आवाज काढतो, हात अगदी सैल, सगळं काम पायांत. मग ती त्याचा हात धरते. आता इथे नीट बघा, तिला मोठ्यांची अवघड पावलं नाही दिलेली, ती पायरीच्या उभ्या फळीवर बुटाचं टोक आपटते, तेवढंच, पण तालात असं बसतं की दोघं एकच वाटतात. सहा वर्षांची होती हो. आपल्याकडे कथकच्या क्लासात दोन-दोन वर्षं तत्कार करणाऱ्या पोरींना हे दाखवा, डोळे विस्फारतील. गोरी मुलगी आणि काळा माणूस हातात हात घालून नाचतायत हे अमेरिकन पडद्यावर त्याआधी नव्हतं.

रिकामटेकडा
मावशी, नाच अफाट आहे, मान्य. पण तो नाचतो कोण म्हणून? घरातला नोकर म्हणून. आणि दक्षिणेतल्या थेटरांसाठी तो हात धरलेला भागच काढून टाकला होता. रॉबिन्सन १९४९ मध्ये गेला तेव्हा एवढं कमावलेल्या माणसाकडे अंत्यविधीपुरते पैसे नव्हते, टीव्हीवरच्या एड सुलिव्हननं केला खर्च.

कर्जतलोकल
सगळे पडद्यावरचंच बोलताय. मला त्या पोरांचं सांगा. शर्लीची सुरुवात 'बेबी बर्लेस्क' या छोट्या विनोदी पटांमधली, १९३२ पासूनची, तीन-चार वर्षांची पोरं लंगोटाला मोठ्ठी सेफ्टीपिन लावून मोठ्यांच्या भूमिका करतायत. मस्ती केली तर एका काळ्या खोलीत बर्फाच्या लादीवर बसायची शिक्षा, हे तिनंच आत्मचरित्रात लिहिलंय. पुढे वय एका वर्षानं कमी सांगितलेलं, बाराव्या वाढदिवसाला कळलं की आपण तेरा वर्षांच्या आहोत. बत्तीस लाख डॉलरच्या वर कमाई आणि बाविशीत हिशोब बघितला तर चव्वेचाळीस हजार उरलेले! दुसरा बालनट जॅकी कूपर, त्याला 'स्किपी'त (१९३१) रडू येईना तर दिग्दर्शकानं, तो पण नात्यानं मामा-काकातलाच, तुझा कुत्रा मारून टाकू म्हणून धमकावलं. रडला पोरगा, ऑस्करचं नामांकन मिळालं. आधीचा बालनट जॅकी कूगन, त्यानं लहानपणीच्या कमाईसाठी १९३८ मध्ये स्वतःच्या आईवर केस टाकली तेव्हा कुठे १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांची कमाई राखायचा कायदा आला. आपल्याकडे बालकलाकाराला दिवसाला पाचच तास काम आणि निदान वीस टक्के रक्कम मुलाच्या नावानं बँकेत मुदत ठेव, हा नियम यायला २०१७ उजाडलं.

टिवल्याबावल्या
म्हणजे आता सिनेमा लावायच्या आधी ऑडिट रिपोर्ट बघायचा. पॉपकॉर्न कधी खायचे?

कर्जतलोकल
खा की. फक्त ती पोर रडताना दिसली की "किती नॅचरल ना!" म्हणू नका.

आडकित्ता
आपल्या बाजूचा एक राहिला, 'वी विली विंकी' (१९३७). जॉन फोर्डचा. किपलिंगच्या गोष्टीतला मुलगा काढून तिथे शर्ली बसवली. वायव्य सरहद्द उभी केली कॅलिफोर्नियात, पठाण खोदा खान झालाय सीझर रोमेरो, आणि कर्नल आजोबा म्हणजे ऑब्रे स्मिथ, जो १८८९ मध्ये इंग्लंडचा कसोटी कॅप्टन होता! पोरगी खानाशी दोन गोड शब्द बोलली की युद्ध थांबतं. आपल्याला हसू येतं पण त्यातला सार्जंट (व्हिक्टर मॅक्लॅग्लन) मरायला टेकलेला असताना ती त्याच्याजवळ गाते तिथे मला तरी हसता आलं नाही.

पिवळी_छत्री
याच सिनेमावर इंग्रज लेखक ग्रॅहम ग्रीननं लिहिलं होतं की हिचे खरे चाहते म्हणजे मध्यमवयीन पुरुष आणि पाद्री. स्टुडिओनं बदनामीचा खटला भरला आणि साडेतीन हजार पौंड भरपाई मिळवली. भाषा त्याची घाणेरडी होती पण बोट दुखऱ्या जागी होतं म्हणूनच एवढे चवताळले.

मावशीबाई
मला नाही पटत. नऊ वर्षांच्या मुलीबद्दल तसं लिहिणाऱ्याचंच डोकं आधी तपासा. आणि बिचारी बिचारी म्हणून तिला किती लहान करणार? हीच पुढे घाना आणि चेकोस्लोव्हाकियात अमेरिकेची राजदूत झाली. १९७२ मध्ये स्तनाच्या कॅन्सरचं उघड सांगितलं, त्या काळात कोण बोलत होतं? मी तर नातीला 'ब्राइट आइज' आख्खा आणि 'लिटल कर्नल'चा फक्त जिना दाखवणार.

रिकामटेकडा
म्हणजे कापूनच दाखवणार. दक्षिणेतल्या थेटरवाल्यांनी तेच केलं की.

मावशीबाई
त्यांनी जिना कापला आणि बाकीचं ठेवलं, मी बाकीचं कापून जिना ठेवतेय. तुम्हाला दोन्ही सारखंच दिसत असेल तर आपलं जमायचं नाही.

रिकामटेकडा
नात दहा वर्षांची झाली की विचारणारच, आजी, तो नोकर का आहे. तेव्हा बाकीचा सिनेमा लागेल तुम्हाला.

मावशीबाई
सात वर्षांची आहे आणि आताच विचारते. तुम्ही अर्ध्यात बंद केलात, तुमच्या पाचवीतल्यानं काय विचारलं ते सांगा.